संगणकाची रोजकीर्द

लिहितां लिहितां वीज जाते, संगणक बंद पडतो; पुन्हां सुरू करावा तों तबकडीवरील पत्रें, हिशेब, मुलांचीं छायाचित्रें कांहींच सांपडत नाहीं. अशा वेळीं मजकूर बहुधा जागच्या जागीं असतो. बिघडलेली असते ती त्याची खतावणी. कोणती फाइल कोणत्या खणांत आहे व कोणते खण रिकामे आहेत, ही नोंद अर्धवट राहिली म्हणजे घोटाळा होतो.

युनिक्स पद्धतीच्या संगणकांत 'एफएससीके' ही आज्ञावली सारी खतावणी पडताळते आणि बेवारस फाइली 'लॉस्ट+फाउंड' या कप्प्यांत ठेवते. तबकडी मोठी असल्यास या कामीं फार वेळ जाई. म्हणून २००१ सालीं लिनक्सच्या गाभ्यांत आलेल्या 'ईएक्सटी३' रचनेनें रोजकीर्द राखिली: बदल आधीं कीर्दींत, मग खतावणींत. वीज गेली तरी कीर्द वाचून हिशेब लवकर जुळतो.

मात्र कीर्दीनें खतावणी वांचते; तबकडीपर्यंत न पोंचलेला मजकूर नव्हे. शिवाय वापरांत असलेल्या तबकडीवर ही दुरुस्ती कधींही करूं नये. तबकडीच खरखरूं लागली असेल, तर प्रथम तिची संपूर्ण नक्कल घ्यावी आणि दुरुस्तीचा प्रयोग त्या नकलेवर करावा. कारण चुकलेली दुरुस्ती मूळ मजकुरावरच फिरते.