हिशेबाच्या संगणकाला कुलूप लागते तेव्हा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कितीतरी कापड पेढ्यांतून चोपड्या गेल्या आणि संगणक आले. सर्व्हर नावाचा एक संगणक माल आणि उधारी सांभाळतो. गल्ला, गोदाम आणि मुनीमजींचे मेज त्याला जोडलेले असतात. ऐन हंगामात गिऱ्हाईक समोर, टेम्पो दारात, आणि बिल निघत नाही. पुष्कळ दुकानदार अशा वेळी सर्व्हरचे बटणच बंद करतात. आमच्या मते हा सर्वांत वाईट इलाज.

हे दुखणे बऱ्याचदा यंत्राचे नसून कुलपाचे असते. खातेवहीत एक मुनीम लिहीत असला की दुसऱ्याला थांबावे लागे. सर्व्हरचाही तोच रिवाज. गोदामवाला ४० थानांतून १० वजा करीत असताना त्याच थानांवर दुसऱ्याने सौदा लिहू नये म्हणून ती नोंद कुलूपबंद होते. वाचणाऱ्यांचे कुलूप सामाईक, लिहिणाऱ्याचे एकट्याचे. कुलूप नसेल तर एकच थान दोघांना विकले जाईल. तकलीफ होते ती कोणी कुलूप लावून, चावी खिशात घालून चहाला गेला तर!

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचे उदाहरण घेऊ. हा सर्व्हर स्वतःहून इंतजाराची मुदत घालीत नाही. बिलाच्या प्रोग्रॅममध्ये मुदत असेल तर तोच कंटाळून त्रुटी दाखवतो. अशा वेळी जाणकाराकडून ‘एसपी हू टू’ ही आज्ञा द्यावी. जोडलेल्या प्रत्येकाचा क्रमांक, संगणकाचे नाव आणि प्रोग्रॅम यांची यादी येते. त्यात ‘बीएलके बाय’ असा एक रकाना असतो. समजा ५८ चा रस्ता ६१ ने अडवला, ६१ चा ५४ ने, आणि ५४ समोर काहीच नाही. मग मूळ ५४. तो ‘स्लीपिंग’ दिसत असेल, म्हणजे काम काही करीत नाही पण कुलूप धरून बसला आहे, तर कोणीतरी व्यवहार अर्धवट टाकला आहे असे समजावे.

आधी त्या मेजावरच्या माणसाला विचारावे. उत्तर मिळाले नाही तरच ‘किल ५४’. याने त्याचे अर्धे काम उलटे फिरवले जाते, आणि काम मोठे असेल तर उलटे फिरायलाही तेवढाच वेळ, कधी जास्तही, लागतो. बटण बंद केल्याने हे टळत नाही. सर्व्हर सुरू होताना तेच उलटे काम करतो, वर बाकी सर्वांचीही अर्धवट बिले जातात.

डेडलॉक हे दुखणे वेगळे. विक्रीचा प्रोग्रॅम आधी माल धरतो, मग खाते. परतीचा आधी खाते, मग माल. दोघे एकमेकांची वाट पाहत अडकतात. सर्व्हर ते ओळखून एकाचा बळी देतो आणि १२०५ क्रमांकाची त्रुटी दाखवतो. ते बिल पुन्हा करावे, आणि प्रोग्रॅमरला सांगून दोन्हीकडे क्रम एकच ठेवून घ्यावा.

रोज अडत असेल तर महिनाअखेरची मोठी कामे तपासावीत. एका आज्ञेने साधारण ५००० कुलपे ओलांडली की सर्व्हर बहुधा पूर्ण तक्त्यालाच कुलूप ठोकतो. म्हणून भाव बदलण्याचे काम तुकड्यांनी करावे. गिऱ्हाईक क्रमांकावर इंडेक्स नसेल तर एका खात्यासाठी सर्व पाने चाळली जातात आणि वाटेत इतरांच्या कुलपांवर अडतात. २००५ च्या आवृत्तीपासून ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ ही सोयही आहे: वाचणाऱ्याला शेवटची पक्की नोंद दिसते, लिहिणाऱ्यासाठी थांबावे लागत नाही. काही प्रोग्रॅमर ‘नोलॉक’चा सोपा रस्ता दाखवतात. त्यात कच्ची नोंदही दिसते. जे बिल पुढे रद्द होणार तेही विक्रीत धरले जाते. शिलकी मालाच्या आकड्यासाठी तो आम्हाला मुळीच मान्य नाही.

प्रोग्रॅमरला फोन करण्यापूर्वी अडल्याची वेळ, यादीतला मूळ क्रमांक, संगणकाचे आणि प्रोग्रॅमचे नाव कागदावर लिहून ठेवावे. किल केल्यावर तो क्रमांक यादीतून निघून जातो.