सालीचं मोल

1904 साली ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात एका रेल्वे कंपनीने एदमुंदो नावारो दे आंद्रादे या तरुण कृषितज्ज्ञाला इंजिनांच्या भट्टीसाठी जळण पिकवायला सांगितलं. त्याने देशी झाडांबरोबर निलगिरी लावून पाहिली. वाढीत तीच पुढे गेली. 1966 च्या करसवलतींनंतर ही लागवड झपाट्याने पसरली, तीही बऱ्याचदा शेतीने नाकारलेल्या हलक्या, आम्लधर्मी जमिनींवर. तिथे स्फुरद तुटपुंजं. बोरॉन कमी पडला की कोरड्या हंगामात शेंडे वाळायचे.

पुढे खोडाच्या रोगाने बागा पोखरल्या, म्हणून आराक्रूझ या कागदाच्या लगद्याच्या कंपनीतल्या संशोधकांनी निरोगी झाडांच्या धुमाऱ्यांना मुळं फुटवून क्लोन तयार केले. या संशोधकांना 1984 चा, वनसंशोधनासाठीचा वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. उत्पादनवाढीचं श्रेय बहुतेकदा या क्लोननाच दिलं जातं. मला मात्र त्याहून मोठा बदल वाटतो तो 1980 च्या दशकाअखेरचा: तोडणीनंतर पाला, फांद्या जाळणं थांबलं आणि रान न नांगरता, फक्त लागवडीच्या ओळीत जमीन फोडायची पद्धत आली.

त्यामागचं कारण झाडातच आहे. पानं म्हातारी होताना झाड त्यांतलं नत्र, स्फुरद, पालाश बरंचसं परत खेचून नव्या पानांना देतं. कॅल्शियम मात्र जिथल्या तिथे राहतं आणि त्याचा मोठा साठा सालीत असतो. लाकूड सालीसकट गिरणीत गेलं, तर दर सहा-सात वर्षांनी जमिनीचा चुना उचलून नेल्यासारखं होतं. साल रानातच सोलून ठेवली, तर तो पुढच्या पिकाला मिळतो. अन्नद्रव्यं अशी झाडात आणि रानात फिरत राहतात, म्हणूनच खताचा भर पहिल्या एक-दोन वर्षांवर असतो. शेजारच्या झाडांचे शेंडे भिडून छत्र मिटलं की झाडं बरीचशी स्वतःच्या पाचोळ्यावर भागवतात.

लागवडीचं अंतरही याच हिशेबात येतं. 3 बाय 2 मीटरवर हेक्टरी 1667 झाडं बसतात, 3 बाय 3 वर 1111. दाट लागवडीत छत्र लवकर मिटतं, लाकूडही लवकर भरतं; पण खोडं बारीक राहतात आणि बारीक खोडात सालीचा वाटा जास्त. इंधनासाठी दाट लावून कोवळ्या वयात सगळं झाड उचललं, की टनामागे जमिनीची अन्नद्रव्यं सर्वाधिक जातात. 1980 च्या दशकात गुजरात, हरियाणातल्या शेतकऱ्यांनीही वाशांसाठी अशीच दाट निलगिरी लावली होती.

एवढं करूनही अखेर पाणी आडवं येतं. ब्राझीलमधल्या अनेक ठिकाणच्या चाचण्यांचे निष्कर्ष 2010 मध्ये आले: नेहमीच्या मात्रेवर आणखी खत देऊन फारसं हाती लागलं नाही, सिंचनाने मात्र उत्पादन साधारण 30 टक्क्यांनी वाढलं. साओ पाउलो राज्यातल्या इतातिंगा इथल्या प्रयोगात पालाशने झाडं जोमाने वाढली, पण पाऊस अडवलेल्या वाफ्यांत त्याच जोमदार झाडांवर पाण्याचा ताण जास्त पडला. मातो ग्रोसो दो सुलसारख्या कोरड्या हंगामाच्या भागात आता बागा वाढताहेत. तिथे खताची मात्रा आणि हेक्टरी झाडं, दोन्ही पावसाकडे बघूनच ठरवायला हवीत.