चाकांची हरवलेली चमक

कुकरमध्ये नुसतं पाणी उकळलं की तो आतून काळवंडतो आणि चिंचेचा कोळ घातला की पुन्हा उजळतो, हे घरोघरी माहीत असतं. गाडीची अलॉय व्हील्सही अ‍ॅल्युमिनियमचीच. मग तीही चिंचेनं घासावीत का? नको!

अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो आणि आतल्या धातूला सांभाळतो. हा थर आम्लातही विरघळतो, अल्कलीतही. म्हणून धुण्याचा सोडा तर अजिबात नको. शिवाय बहुतेक चाकांवर पारदर्शक लॅकर असतं. ते कुठे टवकलं, की कोकणातल्या खाऱ्या दमट हवेला आयतीच वाट मिळते आणि लॅकरखाली गांडुळासारख्या पांढुरक्या रेषा सरकू लागतात.

तेव्हा आधी चाक थंड असताना साबणाच्या पाण्यानं ब्रेकची धूळ काढा. मग कोपऱ्यात थोडं मेटल पॉलिश चोळून पाहा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. नाही झालं तर तुम्ही लॅकरच घासताय, थांबा. उघड्या धातूवर ४००, ८००, १५००, २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून क्रमानं फिरवायचा. प्रत्येक कागद आधीच्याचे ओरखडे बारीक करतो. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश विखुरत नाही, एका दिशेनं परततो. चमक म्हणतात ती हीच. शेवटी पॉलिश, आणि लगेच मेण किंवा नवं लॅकर.

तडा गेलेलं चाक मात्र चमकवत बसू नका, बदला.