भूक परत येते तेव्हा

वजन उतरताना : लेखांक ६

स्लीव्हची, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याची, शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे दोन फोन जवळपास ठरलेले असतात. पहिला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतो : "भूकच लागत नाही हो, काही बिघडलं तर नाही ना?" दुसरा वर्षाच्या मागे-पुढे येतो आणि तेव्हा आवाज उतरलेला असतो : "परवापासून भूक लागायला लागलीय." चोरी पकडली जावी तसं हे सांगितलं जातं. पैसे पाण्यात गेले, सासूबाई म्हणत होत्या तेच खरं झालं, असं बरंच काही त्या एका वाक्याच्या पोटात असतं. आज या दोन फोनांबद्दल.

भूक म्हणजे रिकाम्या पोटाची आकसण, असा समज पुष्कळ वर्षं होता. १९१२ मध्ये अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांचे सहकारी वॉशबर्न यांनी रबरी फुगा गिळून घेतला आणि पोट आकुंचन पावतं तेव्हाच भुकेची कळ येते, हे नोंदवून दाखवलं. पण पुढे, आजारामुळे ज्यांचं जठर पूर्ण काढावं लागलं त्यांनाही भूक लागते, हे लक्षात आलं. म्हणजे भुकेचा निरोप एकाच वाटेनं जात नाही. त्यातली एक मोठी वाट १९९९ मध्ये जपानमध्ये सापडली. कोजिमा आणि कांगावा यांनी उंदरांच्या जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक वेगळं केलं. जेवणाच्या वेळेआधी ते रक्तात वाढतं, जेवलं की उतरतं. आणि ते सर्वाधिक तयार होतं जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागात.

स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. जठराचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी तेवढी मागे ठेवली जाते. पहिल्या काही महिन्यांत भूक गप्प असते ती यामुळे. त्यात मनोनिग्रहाचा वाटा फारसा नसतो, तेव्हा कौतुकही बेतानंच करून घ्यावं. गॅस्ट्रिक बायपास या वजन उतरवण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जठर काढत नाहीत, पण अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि तिथून पोट भरल्याचा निरोप देणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं जोरात सुटतात. स्लीव्हनंतरही ती वाढतात. सध्या ज्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी आहे, ती याच जीएलपी-१ची नक्कल करतात.

सिएटलच्या डेव्हिड कमिंग्ज यांच्या गटानं २००२ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. नुसत्या आहारनियंत्रणानं वजन उतरवलेल्यांच्या रक्तातलं दिवसभराचं घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलं होतं. बायपास झालेल्यांत मात्र ते नेहमीच्या वजनाच्या माणसांपेक्षाही ७७ टक्क्यांनी कमी होतं. बायपासचे नंतरच्या अभ्यासांतले आकडे इतके एकसारखे आले नाहीत, हेही सांगायला हवं. तरी पहिला आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. डाएट करून वजन उतरवणारा माणूस पूर्वीपेक्षा जास्त भुकेला होतो. "तोंडावर ताबा नाही" असं त्याला सुनावणाऱ्यांनी तो आकडा एकदा वाचावा.

आता पहिला फोन. भूक लागत नाही म्हणून लोक जेवण टाळतात, वजन भराभर उतरतं आणि घरात आनंद होतो. आम्हाला काळजी वाटते. भूक मेलेली असताना घड्याळानं भुकेचं काम करायचं असतं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन जायला हवं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आता हिशेब बघा. आपल्या घरच्या पातळ वरणाच्या वाटीत प्रोटीन असतं चार-पाच ग्रॅम. नुसत्या वरणावर ६० गाठायचे तर डझनभर वाट्या लागतील आणि नव्या पोटात एका वेळी जेमतेम एक मावते. म्हणून घट्ट वरण, अंडं (सहा ग्रॅम), पनीर (पन्नास ग्रॅममागे नऊच्या आसपास), मासे, चिकनचा खिमा आणि बिनसाखरेचा चक्का. शाकाहारी घरांत चक्क्यासारखी सोय नाही. श्रीखंडाच्या वाटेवर अर्ध्यात थांबायचं, एवढंच. तरीही आकडा गाठत नसेल तर प्रोटीन पावडरला नाक मुरडू नये.

पानावरचा क्रमही उलटा करावा लागतो. आपण वरण-भातानं सुरुवात करतो. इथे आधी उसळ, अंडं किंवा मासा खायचा, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळीचा तुकडा. मऊ पोळी आणि भात पुष्कळांना छातीत अडकल्यासारखे होतात. जेवणाअखेरचं ताक अर्ध्या तासानं घ्यावं; घन आणि पातळ एकत्र घेतलं तर चिमुकलं पोट तुडुंब होतं आणि उलटी होते. "पोट भरलं" ही जुनी ओळखही बदलते. उचकी लागणं, नाक गळायला लागणं, एखादी शिंक, छातीच्या हाडामागे दाब : हेच आता पुरे. पुढचा घास ठेवून द्यायचा.

दुसऱ्या फोनाकडे येऊ. वजन उतरलं की चरबीत तयार होणारं लेप्टिन घटतं आणि मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला. जठराची ती उरलेली नळीही काळाबरोबर थोडी सैलावते. म्हणून भूक परतते आणि ती परतणारच असते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत तळाला गेलं, मग थोडं वाढलं आणि स्थिरावलं. दहा वर्षांनीही बायपास झालेल्यांचं वजन मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी कमीच होतं. स्लीव्ह त्या काळी रूढ नव्हती, पण वळण तेच आहे. परतलेली भूक हा शस्त्रक्रिया फसल्याचा पुरावा नाही.

मात्र परतलेली प्रत्येक भूक ही भूक असेलच असं नाही. स्लीव्हनंतर आम्लपित्त वाढण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो. ते आतून कुरतडतं, काही खाल्लं की घटकाभर निवतं आणि माणूस दिवसभर खात राहतो. त्यावर औषध आहे, बिस्कीट नव्हे. तहानही भुकेचं सोंग घेते; घोट घोट पाणी घेणारा माणूस दिवसअखेर फार कमी प्यायलेला असतो.

सगळ्यात फसवी भूक गोडामागून येते. लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या, काही झालं नाही, सुटलो असं वाटलं. दोन तासांनी हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते आणि दिसेल ते खावंसं वाटतं. साखर पोटात न रेंगाळता आतड्यात उतरते, रक्तातली साखर एकदम चढते, त्यावर इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर कोसळते. याला उशिराचं डम्पिंग म्हणतात. बायपासनंतर ते जास्त दिसतं, पण स्लीव्हवालेही सुटत नाहीत. बऱ्याचदा ते वर्ष उलटल्यावर सुरू होतं, म्हणजे नेमकं भूक परतायच्या सुमाराला, आणि दोन्हींची गल्लत होते. त्या क्षणी थोडी साखर घ्यावीच लागते, पण पाठोपाठ अंडं किंवा पनीर हवं. पुन्हा पेढा खाल्ला तर दोन तासांनी तोच खेळ. असं वारंवार होत असेल, चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि मग चिवडा. चिवडा, खारी, फरसाण ही मंडळी नव्या पोटातून सरसर उतरतात. अर्धी पोळी अडकते, पण डबाभर चिवडा मालिका बघता बघता संपतो. शस्त्रक्रियेनं पोट लहान केलं, तोंड चाळवण्याची सवय जशीच्या तशी ठेवली. माझी परीक्षा साधी आहे. भूक लागल्यासारखं वाटलं की स्वतःला विचारायचं : आत्ता मुगाचं धिरडं चालेल का? चालणार असेल तर ती भूक आहे, धिरडं करून खावं. "नको, चिवडाच हवा" असं उत्तर आलं तर डबा वरच्या फळीवर.

एकादशीला अडचण वेगळीच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट; प्रोटीन जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. वाटीभर खिचडीनं पोट गच्च होतं आणि दुपारी चारला वखवख सुटते. उपास मोडा असं मी म्हणणार नाही. दही, दूध, पनीर, दाणे उपासाला चालतात. त्यांनी सुरुवात करावी. निर्जळी मात्र करू नये.

पंगतीतल्या आग्रहाला माझ्याकडे औषध नाही. "डॉक्टरांनी मना केलंय" एवढं म्हणून पान पुढे सरकवावं.

सतत उलट्या होत असतील तर वाट पाहू नका. बी-१ जीवनसत्त्व काही आठवड्यांत संपतं आणि मज्जातंतूंना, मेंदूला इजा होऊ शकते. पोटात जोराची कळ आली किंवा पाणीही खाली उतरेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरा फोन ज्यांना करायचाय त्यांनी आधी चार दिवस एक कागद जवळ ठेवावा. किती वाजता भूक लागली, त्याआधी काय आणि कधी खाल्लं होतं, झोप किती झाली, एवढंच लिहावं. पान भरलं की फोन करा. तोवर जेवण कमी करू नका.

पुढच्या लेखात : तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळणारे केस आणि लोहाच्या गोळ्या.