नातवंडांनी लिहून घेतलेलं आयर्लंड

आयरिश लोककथा वाचायच्या असतील तर चकचकीत परीकथांच्या पुस्तकांपासून सुरुवात करू नका. आधी शाळकरी पोरांच्या वह्या वाचा!

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोककथा आयोगाने एक अफाट काम केलं. २६ परगण्यांतल्या प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना सांगितलं: घरी आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि ते सांगतील ते लिहून आणा. पुरलेलं धन, पवित्र विहिरी, घरगुती औषधं, भुतंखेतं, मोठ्या दुष्काळाच्या आठवणी... सुमारे ५,००० शाळांतून हा ऐवज गोळा झाला.

त्यात सारखे भेटतात ते 'पऱ्यांचे किल्ले', म्हणजे शेतात उरलेल्या जुन्या वस्त्यांच्या गोल मातीच्या तटबंद्या. तिथे नांगर घालायचा नाही, झाड तोडायचं नाही. नाहीतर गुरं दगावतात, घरात दुखणं येतं. या धाकानेच कितीतरी अवशेष टिकले, आणि मला तर हे फार मोलाचं वाटतं.

हा धाक अजून पुरता गेलेला नाही. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लटून इथे नव्या रस्त्याच्या आड हॉथॉर्नचं एक काटेरी झुडूप आलं. कथाकार एडी लेनिहन यांनी जाहीरपणे विरोध केला: मन्स्टर प्रांतातल्या पऱ्या कनॉट प्रांतातल्या पऱ्यांशी लढायला निघताना इथेच जमतात! शेवटी झुडूप राखून रस्ता झाला.

शाळकरी पोरांच्या त्या वह्या 'दूखस' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. परगण्यानुसार शोधा, क्लेअरपासून सुरुवात करायला हरकत नाही.