मस्तिष्क आघातोत्तर शोथ

मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्यानंतर किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्यानंतर तेथील कोशिकांकडून (पेशींकडून) जी संरक्षक प्रतिक्रिया होते, तिला मस्तिष्क आघातोत्तर शोथ (दाहयुक्त सूज) असे म्हणतात. जंतुसंसर्ग नसतानाही उद्भवणारा हा शोथ काही अंशी हानिकारक व काही अंशी उपकारक असतो. या दुहेरी स्वरूपामुळेच त्यावरील चिकित्सा अवघड ठरली आहे.

मस्तिष्क आघातास व्यवहारात पक्षाघात, अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतात. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत २००५-०६ या दोन वर्षांत केलेल्या पाहणीत दरवर्षी दर लाख लोकसंख्येमागे सुमारे १४५ व्यक्तींना प्रथमच आघात झाल्याचे आढळले. त्यांपैकी सुमारे ८० टक्के आघात रोहिणी बंद झाल्यामुळे झालेले होते, तर सुमारे ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले.

कोशिकांचे कार्य : मेंदूत तंत्रिका कोशिकांखेरीज त्यांना आधार देणाऱ्या व त्यांचे पोषण करणाऱ्या इतर कोशिका असतात. त्यांतील सूक्ष्मश्लेष्म कोशिका, म्हणजेच मायक्रोग्लिया, स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये प्रथम वेगळ्या ओळखल्या. भ्रूणावस्थेतच मेंदूत शिरलेल्या या कोशिका तेथील रक्षक होत. निरोगी मेंदूतही त्या आपल्या बारीक शाखा सतत हलवून सभोवतालची चाचपणी करीत असतात, असे २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूच्या निरीक्षणावरून दिसून आले.

मोठी रोहिणी बंद पडल्यास उपचाराअभावी दर मिनिटास सरासरी सुमारे १९ लाख तंत्रिका कोशिका नष्ट होतात. मरणाऱ्या कोशिकांतून बाहेर पडणारी द्रव्ये धोक्याची सूचना देतात. त्यामुळे सूक्ष्मश्लेष्म कोशिका काही मिनिटांतच सक्रिय होऊ लागतात, शाखा आखडून गोलसर बनतात व इंटरल्यूकिन-१ यांसारखी शोथकारक प्रथिने स्रवतात. रक्तातील घटकांना मेंदूत मुक्त प्रवेश न देणारा केशवाहिन्यांचा अडसर या काळात सैल पडतो. काही तासांतच रक्तातील श्वेत कोशिका आत शिरू लागतात. त्यांच्या विकरांमुळे (एंझाइमांमुळे) अडसर अधिक दुबळा होतो, मेंदूस सूज येते आणि अर्धवट तग धरून असलेल्या कोशिकाही धोक्यात येतात.

हीच यंत्रणा पुढे दुरुस्तीस हातभार लावते. सूक्ष्मश्लेष्म कोशिका मृत अवशेष गिळून टाकतात व वाढीस पोषक प्रथिने स्रवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंदरांच्या मेंदूतील या कोशिका आधीच नाहीशा केल्या असता आघाताने होणारी हानी कमी न होता वाढली. ताऱ्यासारख्या आकाराच्या तारका कोशिका इजा झालेल्या भागाभोवती व्रणाची भिंत उभारतात. ही भिंत शोथ पसरू देत नाही. मात्र तंत्रिका तंतूंच्या पुनर्वाढीस ती अडथळाही ठरू शकते.

चिकित्सा : रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः आघातानंतर साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यापूर्वी रक्तस्राव झालेला नाही, याची मेंदूच्या प्रतिमाचित्रणाने खात्री करावी लागते. काही निवडक रुग्णांत नलिकेद्वारे गुठळी २४ तासांपर्यंत काढता येते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा किंवा पेठ यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतील रुग्णाचा यातील बराच वेळ घाटरस्त्याने शहरातील रुग्णालय गाठण्यातच जाऊ शकतो. शोथ मात्र अनेक दिवस, कित्येकदा काही आठवडे चालतो. त्यामुळे त्याचे नियमन साधल्यास उशिरा पोहोचणाऱ्या रुग्णासही उपचाराची संधी राहील, अशी अपेक्षा आहे.

तथापि शोथ सरसकट दाबण्याचे प्रयत्न निराशाजनक ठरले. श्वेत कोशिकांचा मेंदूतील प्रवेश रोखण्यासाठी दिलेल्या एन्लिमोमॅब या प्रतिपिंडाने रुग्णांची स्थिती अधिक बिघडली, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. आघातानंतर शरीराची एकूण रोगप्रतिकारशक्तीही मंदावते व फुप्फुसशोथाचा (न्यूमोनियाचा) धोका वाढतो. म्हणून अशा औषधांचा वापर जोखमीचा असतो. शोथाची कोणती अवस्था केव्हा रोखावी व कोणती चालू द्यावी, हे ठरविणे हा संशोधनाचा मुख्य विषय आहे. तोपर्यंत तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे ही लक्षणे अचानक दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात नेणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय होय.