काठ स्वच्छ आहे काय?

आम्हा व्यापाऱ्यांच्या भाषेत 'मार्जिन' म्हणजे खरेदी-विक्रीतील फरक. शस्त्रवैद्यांच्या भाषेतही हाच शब्द आहे. परंतु तेथील त्याचा अर्थ कळेपर्यंत आमच्या घरातील एक माणूस गेले. बाजारभाव व करव्यवस्था यांवर लिहिणारे जाणकार आपल्या संघात पुष्कळ आहेत. यास्तव मॅट्रिकपर्यंत शिकलेला हा धान्याचा घाऊक व्यापारी निराळ्या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. सभासद बंधूंनी हा लेख घरातील माताभगिनींसही वाचून दाखवावा, ही विनंती.

माझ्या थोरल्या वहिनींना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. रोग प्रारंभिक अवस्थेतच कळला, शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. काही दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. तो मीच आणला व न उघडताच हिशेबाच्या फायलीत ठेवून दिला. तुरीच्या हिशेबपट्टीवरील प्रत्येक आकडा दोनदा तपासणारा मी, तो कागद मात्र वाचला नाही. आठ महिन्यांनी पुन्हा रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा ते पाकीट उघडले. काढलेल्या भागाच्या काठाशी रोगपेशी आढळल्या आहेत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

या ओळीचा अर्थ काय? गुदामातील थप्पीत कीड लागली, तर आपण तेवढेच पोते काढून थांबत नाही. लगतची चांगली दिसणारी पोतीही हलवितो. शस्त्रवैद्यही गाठीसभोवारचा निरोगी भाग काढतात, तो याच कारणाने. पुढे प्रयोगशाळेत त्या भागाच्या कडांना शाई लावून, पातळ काप घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. रोगपेशी शाईपर्यंत पोहोचल्या असतील, तर रोगाचा अंश शरीरात राहिल्याचा संभव असतो. पोहोचल्या नसतील, तर काठ स्वच्छ मानतात. तरीही अंतर किती मिलिमीटर आहे, हे विचारून घ्यावे.

भोवतालचा भाग किती काढावा, याचा विचार शतकाहून अधिक काळ चालू आहे. व्हिएन्ना येथील डॉ. एर्न्स्ट वेर्टहाइम यांनी 1898 साली गर्भाशयालगतच्या ऊतींसह विस्तृत शस्त्रक्रिया सुरू केली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या, 700 स्त्रियांच्या अभ्यासात मात्र असे दिसले की, गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतच असून खोलवर गेलेली नसेल, तर साधी शस्त्रक्रियाही पुरते. तीन वर्षांत ओटीपोटात रोग उलटण्याचे प्रमाण विस्तृत शस्त्रक्रियेनंतर शेकडा 2.17, तर साध्या शस्त्रक्रियेनंतर 2.52 होते, शिवाय साध्या शस्त्रक्रियेनंतर लघवीचे त्रास कमी होते.

अहवालात तीन गोष्टी प्रथम पाहाव्या: काठ, गर्भाशयालगतच्या ऊती आणि लसिकाग्रंथी. यांपैकी एकीतही रोग आढळला, तर तो उलटण्याचा धोका मोठा असतो. अशा स्त्रियांविषयी 2000 साली अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. किरणोपचारासह औषधोपचार घेतलेल्यांपैकी चार वर्षांनी शेकडा 81 हयात होत्या. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी 71. म्हणजे काठाची ओळ वेळीच वाचली, तर पुढे करण्यासारखे काही उरते.

काठ स्वच्छ आला, म्हणजे खाते बंद झाले असेही नाही. गाठीचा आकार, ती किती खोल गेली आणि सूक्ष्म वाहिन्यांत शिरली काय, यांवरही धोका अवलंबून असतो. रोग उलटल्यास तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करावी. रक्तस्राव, पायास सूज वा सततची कंबरदुखी दिसल्यास तारखेची वाट पाहू नये.

रोग लहान असताना सापडला, तरच काठ स्वच्छ मिळण्याची आशा अधिक. याचा धडा आपल्या शेजारीच मिळाला आहे. आळंद-बसवकल्याणच्या सीमेलगतच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. तो 2009 साली प्रसिद्ध झाला. एच.पी.व्ही. विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, या रोगाचे मृत्यू सुमारे निम्मे झाले. आपल्या घरच्या स्त्रियांनी संकोच करू नये, आणि आपण पुरुषांनी दुकानाचे निमित्त सांगू नये. कलबुर्गीस किदवाई संस्थेचे केंद्र आहे. बार्शीस नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे.

वहिनी आज नाहीत. अहवाल वेळीच दाखविला असता तर त्या वाचल्याच असत्या, असे कोणी डॉक्टर म्हणत नाहीत. परंतु ती संधी त्यांना मिळू शकली असती; ती माझ्या फायलीत पडून राहिली. आपल्या घरी असे पाकीट आले, तर ते त्याच दिवशी उघडावे, डॉक्टरांपुढे ठेवावे आणि विचारावे: काठ स्वच्छ आहे काय?